अरब शहरांतील बालस्नेही नगररचना

मुलाला एकट्याने दाराबाहेर पडता यावे, पायी शाळा गाठता यावी आणि घराजवळच खेळता यावे, अशा बेताने केलेली रस्ते, चौक, बागा व शाळापरिसर यांची आखणी म्हणजे बालस्नेही नगररचना. अरब शहरांत तिच्यापुढे तीन खास अडचणी आहेत : वर्षातले चार-पाच महिने अंग भाजणारे ऊन, मोटारीच्या मापाने वसवलेले नवे विस्तार आणि जुन्या, दाट शहरांत उरलेली चिमूटभर मोकळी जागा. खेळणी मांडणे हा या कामाचा सर्वांत सोपा भाग. बहुतेक नगरपालिका तिथेच थांबतात.

संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारातील ३१ व्या कलमाने खेळ व विश्रांती हा मुलांचा हक्क मानला. १९९६ मध्ये इस्तंबूलला मानवी वसाहतींची परिषद झाली आणि युनिसेफने बालस्नेही शहरांचा उपक्रम सुरू केला. अरब जगात रियाधची अरब नगरविकास संस्था (स्थापना १९८०), जागतिक बँक व अम्मान महानगरपालिका यांच्या पुढाकाराने डिसेंबर २००२ मध्ये अम्मानला ‘मुले आणि शहर’ ही परिषद भरली.

जुनी वीण : कैरो किंवा दमास्कसची ‘हारा’ ही आपल्याकडच्या आळीची चुलत बहीण. अरुंद, वळणाची, पुष्कळदा पुढे बंद होणारी गल्ली. दोन्ही बाजूंच्या घरांची एकमेकांवर पडणारी सावली. परका माणूस शिरला की चार खिडक्यांतून दिसणारा. आखाती गावांत हेच काम ‘फरीज’ म्हणजे मोहल्ला, त्यातली ‘सिक्का’ ही चिंचोळी वाट आणि ‘बराहा’ हे घरांमधले मोकळे अंगण करत असे. मुलांसाठी म्हणून यातले काहीच बांधलेले नव्हते, तरी मुलांची सोय होत होती. कैरोत मुलांसाठी म्हणून बांधलेलेही होते : ‘सबील-कुत्ताब’. खाली वाटसरूंना फुकट पाणी, वरच्या मजल्यावर मुलांची कुराणशाळा. मुइझ्झ रस्त्यावरची अब्दुर्रहमान कतखुदाची १७४४ ची अशी इमारत आजही उभी आहे. पाणी, सावली आणि शाळा एका कोपऱ्यावर आणण्याची ही युक्ती आजच्या आराखड्यांत क्वचितच दिसते.

ही वीण कशी उसवली हे रियाधमध्ये स्पष्ट दिसते. १९७० च्या सुमारास ग्रीक नगररचनाकार कॉन्स्टँटिनोस डॉक्सियाडिस यांच्या आराखड्याने शहराला २ किमी × २ किमीच्या चौकटी दिल्या. चौकटीच्या कडेला रुंद, वेगवान रस्ते. आत उंच भिंतींमागे बंगले. चौकटीतल्या मुलाला पलीकडच्या चौकटीतला मित्र पायी गाठता येत नाही, त्याला गाडीतून सोडावे लागते. सौदी अरेबियात स्त्रियांना गाडी चालवण्याची मुभा जून २०१८ मध्ये मिळाली. तोवर मुलांचे हिंडणे वडील, मोठा भाऊ किंवा पगारी ड्रायव्हर यांच्या सवडीवर होते. अब्दुलअझीझ बिन अय्याफ १९९८ ते २०१२ या काळात महापौर असताना मोहल्ल्यांत नगरपालिकेची खुली मैदाने व चालण्याचे रुंद पदपथ झाले. ‘शहराचे मानवीकरण’ हा त्यांचा शब्द. २०१९ च्या ‘हरित रियाध’ योजनेचे उद्दिष्ट ७५ लाख झाडे आणि दरडोई हिरवी जागा १.७ वरून २८ चौ. मी. नेण्याचे आहे. मात्र दरडोई सरासरीवरून मुलाला काय मिळाले ते कळत नाही, कारण महामार्गाच्या दुभाजकावरचे झाडही त्यात मोजले जाते. दारापासूनचे अंतर हे खरे माप. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाची शिफारस ३०० मीटरच्या आत किमान अर्धा हेक्टर हिरवी जागा अशी आहे. आखाती उन्हात तर ते ३०० मीटरही सावलीतून जाणारे हवेत.

सावली : इथे सर्वाधिक पैसा वाया जातो. नकाशावर छत खेळण्यांच्या बरोब्बर वर काढतात, आणि दुपारी बारा वाजता ते बरोबरही असते. पण त्या वेळी मैदानात कुणी नसते. अबुधाबीत जूनमध्ये दुपारी चारला सूर्य क्षितिजापासून सुमारे ४१ अंशांवर असतो. ४ मीटर उंचीच्या छताची सावली तेव्हा साडेचार मीटर पूर्वेला सरकलेली असते, पाचला साडेसात मीटर. मुले येतात तेव्हा घसरगुंडी उन्हात आणि सावली शेजारच्या फरशीवर! म्हणून छत पश्चिमेला वाढवायचे, किंवा त्या बाजूला झाडांची दाट रांग लावायची. गडद रंगाचे रबरी आवरण थेट उन्हात ६० अंश सेल्सियसच्याही वर तापते. अनवाणी लहान मूल त्यावर उभे राहिले तर तळवे भाजतात. स्टीलची घसरगुंडी सावलीबाहेर नकोच. कापडी छते वाऱ्याने फाटतात, तेव्हा ती उतरवता येतील अशा कड्या आणि सुटे कापड यांची तरतूद निविदेतच हवी.

झाडे निवडताना घाई महागात पडते. खजूर शोभतो, पण सावली तुटपुंजी. झटपट वाढतो म्हणून आखातभर लावलेला कोनोकार्पस पाण्याच्या शोधात मुळे नळांत घुसवतो. वेडी बाभूळ तिथेही आपल्याकडच्यासारखीच मोकाट पसरते. उत्तम झाड म्हणजे घाफ. संयुक्त अरब अमिरातीचे हे राष्ट्रीय झाड म्हणजे आपली दसऱ्याची शमीच. वाढायला वेळ घेते, पण खोल मुळांवर कमी पाण्यात टिकते. बोराच्या जातीतला सिद्र सावली चांगली देतो, मात्र काट्यांमुळे वाळूच्या हौदापासून लांब लावावा. कण्हेर मात्र खेळाच्या जागेजवळ मुळीच नको. शाम (सीरिया, लेबनॉन, जॉर्डनचा प्रदेश) आणि आखातातल्या दुभाजकांवर ती सर्रास असते आणि तिचे पान-फूल सगळेच विषारी.

वाळू आणि फटी : वाळवंटात वाळू फुकट, म्हणून ती उचलून खेळण्यांखाली टाकण्याचा मोह होतो. टेकाडांवरची बारीक, धुळकट वाळू बागेचे पाणी पडले की थिजून कडक होते. हवी ती ०.२ ते २ मिमी दाण्याची, धुतलेली. युरोपीय मानकानुसार २ मीटरपर्यंत पडण्याच्या उंचीला किमान २० सेंमी थर, ३ मीटरपर्यंत ३० सेंमी आणि पांगून जाते म्हणून वर १० सेंमी जास्त. त्याहून उंच खेळणे नको. झोक्याखाली आणि घसरगुंडीच्या तोंडाशी खड्डा पडतो. तिथे दर आठवड्याला फावडे फिरवावे लागते. मांजरांची घाण हा कैरो-अम्मानचा कायमचा त्रास, तेव्हा वाळू चाळणेही आलेच. कठड्यांच्या गजांत ८९ ते २३० मिमी फट धोक्याची : धड निसटते, डोके अडकते.

रस्ता : ५ ते २९ वर्षे वयोगटातील मृत्यूंचे जगभरातले पहिले कारण रस्ते अपघात आहे. शाळा व वस्तीच्या रस्त्यांवर ताशी ३० किमी ही मर्यादा म्हणूनच सुचवतात. पण नुसत्या पाटीने वेग उतरत नाही, रस्ता अरुंद करावा लागतो आणि ओलांडणीची जागा पदपथाच्या पातळीला उचलावी लागते. तीन वर्षांच्या मुलाची उंची सुमारे ९५ सेंमी, म्हणजे उभ्या मोटारीआड ते दिसतच नाही. ओलांडणीच्या आधी सहा-सात मीटर पार्किंग बंद ठेवले की अर्धे काम होते. अमिरातीत शाळेच्या बसने ‘थांबा’ची पाटी उघडली की इतर गाड्यांनी किमान ५ मीटर दूर थांबायचे, न थांबल्यास १,००० दिरहम दंड व परवान्यावर १० काळे गुण. हा नियम चालतो, कारण बसवर कॅमेरे बसवता येतात.

अम्मानची गोष्ट निराळी. शहर डोंगरांवर, पदपथ चढउतारांचे, पदपथाची कड रस्त्यापासून गुडघाभर उंच, आणि पदपथाच्या मध्यभागी लावलेली झाडे. बाबागाडी घेऊन निघालेली आई रस्त्यावरूनच चालते. उपाय साधा आहे, पण घरमालकांशी भांडण ओढवणारा : झाड पदपथाच्या कडेलगतच्या खड्ड्यात, चालायला किमान १.८ मीटर सलग मोकळे, पदपथाची कड १५ सेंमीहून उंच नाही. टेकड्या जोडणारे जुने जिने मुलांचे खरे जवळचे रस्ते आहेत. तिथे दिवे आणि एका कडेला उतार एवढे केले तरी बरेच साधते.

बागा : कैरोत सय्यिदा झैनब भागातल्या मुलांच्या सांस्कृतिक उद्यानाला १९९२ चा आगाखान वास्तुकला पुरस्कार मिळाला. वास्तुकार अब्देलहलीम इब्राहिम अब्देलहलीम यांनी इब्न तुलून मशिदीच्या मिनाराची सर्पिल चाल बागेच्या मांडणीत उतरवली आणि रस्त्याकडच्या भिंतीतच प्रार्थनेची जागा, कॉफीगृह व पाणपोई गुंफली. भिंत अशी वापरात राहिली की तिच्यावर नजर राहते. २००५ चे ३० हेक्टरांचे अल-अझहर उद्यान पाचशे वर्षांच्या राडारोड्यावर उभे आहे. देखभाल उत्तम, पण प्रवेशशुल्क आहे, आणि चार मुलांच्या घराला रोज ते परवडत नाही. बैरूतचे सुमारे ३ लाख चौ. मी. पाइनवन १९८२ च्या बाँबफेकीत जळाले, पुन्हा लावले गेले, तरी कुलूपबंदच राहिले. ते सर्वांना रोज खुले झाले २०१६ मध्ये. ‘लोक खराब करतील’ ही सबब दोन दशके पुरली.

दिवे आणि मुली : उन्हाळ्यात खेळ मगरिबनंतर, म्हणजे सूर्यास्ताच्या नमाजानंतर सुरू होतो, रमझानमध्ये तरावीहच्या नमाजानंतर मध्यरात्रीपर्यंत. त्यामुळे दिवा ही सजावट नव्हे. उंच खांबावरचा एक झगझगीत दिवा गडद सावल्या पाडतो. ४-५ मीटरवरचे जवळजवळ लावलेले मंद दिवे चेहरे दाखवतात. मुलींचे येणे दहाव्या-अकराव्या वर्षी कमी होऊ लागते. फुटबॉलच्या जाळीबंद मैदानाला एकच दार असेल तर मोठी मुले ते अडवतात. दोन दारे, मध्ये बैठका, नजरेच्या टप्प्यात स्वच्छतागृह आणि आयांना बसायला सावली असेल तर मुली टिकतात. जॉर्डन व लेबनॉनमध्ये सीरियन निर्वासित मुलांसाठी सरकारी शाळांत दुपारची पाळी चालते. ती सुटते तेव्हा हिवाळ्यात अंधार पडू लागलेला असतो, आणि त्या वाटेवरचे दिवे लावणे शिक्षण खात्याच्या नव्हे, नगरपालिकेच्या अंदाजपत्रकात येते.