बीडीएस : पॅलेस्टिनी हक्कांसाठीची बहिष्कार-निर्गुंतवणूक चळवळ

पॅलेस्टिनी जनतेचे हक्क मान्य व्हावेत म्हणून इस्रायलवर, तसेच व्याप्त प्रदेशातील त्याच्या कारभाराला हातभार लावणाऱ्या कंपन्या व संस्थांवर अहिंसक मार्गाने दबाव आणणारी आंतरराष्ट्रीय चळवळ. बहिष्कार, निर्गुंतवणूक व निर्बंध या तीन साधनांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून ती बीडीएस म्हणून ओळखली जाते. ९ जुलै २००५ रोजी १७० हून अधिक पॅलेस्टिनी कामगार संघटना, निर्वासितांच्या समित्या, महिला संघटना व राजकीय पक्ष यांनी मिळून काढलेले आवाहन हा तिचा पायाभूत दस्तऐवज होय. तारीख मुद्दाम निवडलेली होती. बरोबर वर्षापूर्वी हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने वेस्ट बँकमधील इस्रायली भिंत बेकायदा असल्याचे सल्लागार मत दिले होते, आणि तरीही भिंतीचे काम चालूच होते.

आवाहनात तीन मागण्या आहेत : अरब भूमीवरील ताबा व वसाहतीकरण संपवून भिंत पाडणे, इस्रायलच्या अरब-पॅलेस्टिनी नागरिकांना संपूर्ण समान हक्क देणे, आणि संयुक्त राष्ट्रांच्या १९४८ च्या ठराव क्र. १९४ नुसार निर्वासितांचा घरी परतण्याचा हक्क मानणे. पहिल्या मागणीत ‘जून १९६७ मध्ये व्यापलेल्या’ हे शब्द नंतर प्रसृत झालेल्या मजकुरात दिसतात. हा बदल किरकोळ नाही. चळवळीला नेमकी कोणती भूमी अभिप्रेत आहे, या वादाचे मूळ त्यात आहे.

संज्ञा : मराठीत ‘बहिष्कार’ या शब्दाला दोन पदर आहेत. एक जातपंचायतीने वाळीत टाकण्याचा, ज्याविरुद्ध महाराष्ट्राने २०१६ मध्ये स्वतंत्र कायदा केला. दुसरा स्वदेशीच्या काळातला, टिळकांच्या चतुःसूत्रीतला. येथे दुसरा अर्थ घ्यावयाचा. चळवळीच्या शैक्षणिक-सांस्कृतिक शाखेने २०१४ च्या मार्गदर्शक तत्त्वांत व्यक्तीच्या ओळखीवरून वा मतांवरून तिच्यावर बहिष्कार टाकणे तत्त्वतः नाकारले आहे. रोख संस्थांवर असावा, असे ती सांगते. इस्रायलमधील दिमोना, अश्दोद येथे स्थायिक झालेल्या मराठी भाषक बेने इस्रायलींची (कोकणातील ज्यू समाज) आठवण ठेवणाऱ्या वाचकाला हा भेद महत्त्वाचा वाटेल. तो प्रत्यक्षात नेहमी पाळला गेला असे मात्र म्हणता येत नाही. ‘निर्गुंतवणूक’ म्हटले की आपल्याकडे सरकारने सार्वजनिक उद्योगातील हिस्सा विकणे आठवते. येथे अर्थ वेगळा : ज्या कंपनीचा धंदा अन्यायाला साहाय्यभूत ठरतो, तिचे समभाग व रोखे नैतिक कारणाने विकून टाकणे. निर्बंध हे तिसरे साधन केवळ राज्यसंस्थांच्या हाती असते.

उगम : चळवळीचा आरंभ कोठे मानावा यावर अभ्यासकांत एकमत नाही. टीकाकारांचा एक गट तिची मुळे अरब लीग या अरब देशांच्या संघटनेच्या बहिष्कारात शोधतो. डिसेंबर १९४५ मध्ये, म्हणजे इस्रायलच्या स्थापनेपूर्वी, लीगने पॅलेस्टाइनमधील ज्यू उत्पादनांवर बहिष्कार जाहीर केला. पुढे दमास्कसमध्ये त्याचे मध्यवर्ती कार्यालय उभे राहिले. हा बहिष्कार तीन पातळ्यांवर चाले : इस्रायलशी थेट व्यापार बंद; इस्रायलमध्ये धंदा करणाऱ्या परदेशी कंपनीशी व्यापार बंद; आणि अशा कंपनीशी व्यवहार ठेवणाऱ्या तिसऱ्या कंपनीशीही व्यापार बंद. कोका-कोला १९६० च्या दशकात काळ्या यादीत गेली आणि अरब बाजारपेठ बराच काळ पेप्सीच्या हाती राहिली, ती यामुळेच. इजिप्त शांतता करारानंतर यातून बाहेर पडला. आखाती सहकार्य परिषदेने १९९४ मध्ये दुसरी व तिसरी पातळी सोडून दिली.

दुसरे मत आरंभ २००१-०२ च्या सुमारास धरते. २००१ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील दरबान येथील वर्णद्वेषविरोधी परिषदेला जोडून भरलेल्या स्वयंसेवी संस्थांच्या मंचाने इस्रायलला एकाकी पाडण्याची भाषा वापरली. एप्रिल २००२ मध्ये स्टीव्हन व हिलरी रोझ या ब्रिटिश प्राध्यापक दांपत्याच्या पुढाकाराने ‘द गार्डियन’मध्ये पत्र आले आणि युरोपीय संशोधन-सहकार्य थांबवण्याची मागणी झाली. त्याच वर्षी अमेरिकन विद्यापीठांत निर्गुंतवणुकीच्या सह्या गोळा होऊ लागल्या. एप्रिल २००४ मध्ये वेस्ट बँकमधील रामल्ला येथे शैक्षणिक-सांस्कृतिक बहिष्काराची मोहीम स्थापन झाली. ओमर बरगूती हे तिच्या संस्थापकांपैकी एक.

तिसरे मत पॅलेस्टिनी समाजाच्या स्वतःच्या असहकार-परंपरेवर भर देते आणि ते अधिक ग्राह्य दिसते. ब्रिटिश राजवटीतील १९३६ चा दीर्घ सार्वत्रिक संप सर्वपरिचित आहे. पहिल्या इंतिफादाच्या (१९८७ मध्ये सुरू झालेल्या पॅलेस्टिनी उठावाच्या) काळात बेथलेहेमलगतच्या बेत सहूर या ख्रिस्ती बहुसंख्य गावाने इस्रायली प्रशासनाला कर देणे बंद केले. इस्रायली दूध घ्यायला नको म्हणून गावकऱ्यांनी एका किबुत्झकडूनच (इस्रायली सामुदायिक शेतवस्तीकडूनच) १८ गाई विकत आणल्या. लष्कराने त्या गाईंना सुरक्षेला धोका ठरवले; मग गाई लपवून ठेवल्या जाऊ लागल्या आणि दूध घरोघर पोहोचत राहिले. १९८९ च्या शरद ऋतूत गावाला सुमारे सहा आठवडे वेढा पडला आणि करवसुलीसाठी घरांतील फ्रिज, दूरदर्शन संच, कारखान्यांतील यंत्रे उचलून नेण्यात आली. २००५ चे आवाहन काढणारी पिढी या अनुभवातून गेलेली होती. चळवळीचा जाहीर आदर्श मात्र दक्षिण आफ्रिकेचा आहे : १९५९ मध्ये लंडनमध्ये सुरू झालेला बहिष्कार आणि १९८० च्या दशकातील विद्यापीठांची निर्गुंतवणूक.

हा वाद केवळ इतिहासाचा नाही. त्याला कायद्याची धार आहे. परकीय सरकारांनी पुकारलेल्या बहिष्कारात अमेरिकन कंपन्यांनी सामील होऊ नये, असा कायदा अमेरिकेने १९७७ मध्ये अरब लीगला उद्देशून केला. बीडीएस ही त्याच बहिष्काराची शाखा मानली, तर या कायद्याच्या वाटेने तिला रोखता येते. ती नागरिकांची स्वयंप्रेरित हाक मानली, तर १९८२ च्या क्लेबोर्न हार्डवेअर खटल्याचा आधार मिळतो. मिसिसिपीतील कृष्णवर्णीयांनी गोऱ्या दुकानदारांवर टाकलेल्या बहिष्काराला त्यात सर्वोच्च न्यायालयाने अभिव्यक्तिस्वातंत्र्याचे संरक्षण दिले होते. तीसहून अधिक अमेरिकन राज्यांनी बीडीएसविरोधी कायदे वा आदेश काढले आहेत. अनेक ठिकाणी सरकारी कंत्राट हवे असेल, तर ‘आम्ही इस्रायलवर बहिष्कार टाकत नाही’ असे लिहून द्यावे लागते. कॅन्ससमध्ये अशा अटीला २०१८ मध्ये न्यायालयाने स्थगिती दिली. आर्कान्सॉची अट २०२२ मध्ये आठव्या सर्किटच्या संघीय अपील न्यायालयाच्या पूर्ण पीठाने वैध ठरवली, खरेदी न करणे म्हणजे बोलणे नव्हे या युक्तिवादावर. हा युक्तिवाद पटणारा नाही. न विकत घेणे हे बोलणे नसेल, तर परदेशी कापडाच्या होळीलाही निव्वळ व्यापारी निर्णय म्हणावे लागेल.

निर्गुंतवणुकीची कार्यपद्धती : प्रक्रिया संथ, कागदी आणि बहुतेकदा समित्यांत अडकलेली असते. अमेरिकेतील प्रेस्बिटेरियन चर्चचे उदाहरण बोलके आहे. २००४ मध्ये महासभेने ४३१ विरुद्ध ६२ मतांनी ‘टप्प्याटप्प्याची, निवडक’ निर्गुंतवणूक तपासण्याचा ठराव केला. २००६ मध्ये भाषा सौम्य केली. मधल्या काळात भागधारक म्हणून कंपन्यांशी पत्रव्यवहार झाला. २०१२ मध्ये प्रस्ताव अवघ्या दोन मतांनी पडला. २०१४ मध्ये डेट्रॉइट येथे ३१० विरुद्ध ३०३ मतांनी कॅटरपिलर, ह्युलेट-पॅकार्ड व मोटोरोला सोल्यूशन्स यांचे सुमारे २.१ कोटी डॉलरचे समभाग विकण्याचे ठरले. त्याच ठरावात आपण बीडीएसशी जोडले जात नसल्याचेही चर्चने नमूद केले. कॅटरपिलरवर रोष आहे तो घरे पाडण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या डी-९ बुलडोझरमुळे. मार्च २००३ मध्ये गाझा पट्टीतील राफामध्ये रेचेल कोरी ही अमेरिकन तरुणी अशाच एका बुलडोझरखाली मरण पावली.

मोठे निधी बीडीएसचे नाव न घेता स्वतःच्या नैतिक निकषांवर निर्णय घेतात. नॉर्वेच्या सरकारी निवृत्तिवेतन निधीने २००९ मध्ये भिंतीवरील टेहळणी यंत्रणेमुळे एल्बिट सिस्टिम्स या इस्रायली शस्त्रास्त्र कंपनीला वगळले, तर ऑगस्ट २०२५ मध्ये कॅटरपिलर व पाच इस्रायली बँकिंग कंपन्यांना. या निर्णयांना संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क कार्यालयाच्या यादीचीही जोड मिळते. व्याप्त प्रदेशातील इस्रायली वसाहतींत व्यवसाय असलेल्या ११२ कंपन्यांची पहिली यादी फेब्रुवारी २०२० मध्ये आली, सप्टेंबर २०२५ च्या यादीत १५८ नावे आहेत.

ग्राहक व संस्थांचा बहिष्कार : फ्रान्समध्ये म्युलूजजवळच्या इलझाख येथील सुपरबाजारात २००९ व २०१० मध्ये काही कार्यकर्त्यांनी इस्रायली माल ट्रॉल्यांत भरून ग्राहकांसमोर मांडला आणि पत्रके वाटली. मोडतोड नव्हती, हाणामारी नव्हती. स्थानिक न्यायालयाने त्यांना सोडले, कोलमारच्या अपील न्यायालयाने भेदभाव चिथावल्याबद्दल दोषी धरले. अखेर ११ जून २०२० रोजी युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने ‘बाल्दासी’ खटल्यात ही शिक्षा अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भंग ठरवली. जर्मन संसदेने मात्र मे २०१९ मध्ये चळवळीच्या युक्तिवादाचा नमुना व पद्धती ज्यूद्वेषी असल्याचा ठराव केला होता. इस्रायलमध्ये २०११ च्या कायद्यान्वये बहिष्काराचे जाहीर आवाहन करणाऱ्यावर दिवाणी दावा लावता येतो.

कंपन्यांच्या बाबतीत सोडास्ट्रीम या घरगुती सोडायंत्रे बनवणाऱ्या इस्रायली कंपनीचे उदाहरण अनेक बाजूंनी पाहावे लागते. तिचा कारखाना वेस्ट बँकमधील माले अदुमिम वसाहतीच्या मिशोर अदुमिम या औद्योगिक क्षेत्रात होता. २०१५ मध्ये तो हलवून नेगेव वाळवंटात नेण्यात आला. कंपनीने कारण व्यापारी असल्याचे सांगितले, चळवळीने यश म्हणून नोंदवले. तेथे काम करणाऱ्या सुमारे ५०० पॅलेस्टिनी मजुरांची नोकरी गेली. चळवळीचे म्हणणे असे की ताब्याखालील अर्थव्यवस्थेत माणसाला निवडच उरत नाही. ते खरे आहे, पण त्या कुटुंबांची चूल कशी पेटली याचे उत्तर त्यात नाही. व्हिओलिया (पाणी-वाहतूक सेवा), ऑरेंज (दूरसंचार), जी-४ एस (सुरक्षा सेवा) या युरोपीय कंपन्यांनी २०१५ ते २०१७ दरम्यान इस्रायलमधील बहुतेक व्यवहार आवरले. ऑक्टोबर २०२३ नंतर मलेशियापासून इजिप्तपर्यंत मॅकडोनाल्ड्स व स्टारबक्सकडे पाठ फिरवण्याची लाट आली. स्टारबक्स चळवळीच्या मध्यवर्ती समितीच्या यादीत नव्हते. मोजक्या लक्ष्यांवरच जोर एकवटावा, हे तिचे धोरण लाटेपुढे टिकले नाही.

शैक्षणिक क्षेत्रात स्टीफन हॉकिंग यांनी मे २०१३ मध्ये जेरुसलेमच्या परिषदेला जाण्याचे नाकारले. अमेरिकन मानववंशशास्त्र संघटनेने २०२३ मध्ये बहिष्काराचा ठराव केला. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजने विद्यार्थ्यांच्या ठिय्यानंतर २०२४ मध्ये अंशतः व २०२५ मध्ये पूर्ण निर्गुंतवणूक स्वीकारली.

टीका : मुख्य आक्षेप तिसऱ्या मागणीवर आहे. लाखो निर्वासित परतल्यास इस्रायलमधील ज्यू बहुमत संपेल, म्हणून चळवळीचा खरा रोख त्या राज्याच्या अस्तित्वावरच आहे, असे विरोधक म्हणतात. नोम चॉम्स्की व नॉर्मन फिंकेलस्टाइन यांच्यासारख्या इस्रायलच्या कठोर टीकाकारांनीही या मागणीच्या व्यवहार्यतेवर बोट ठेवले आहे. पॅलेस्टिनी अध्यक्ष महमूद अब्बास यांनी डिसेंबर २०१३ मध्ये आपला बहिष्कार फक्त वसाहतींच्या मालावर असल्याचे सांगितले. ज्यूद्वेषाचा आरोप काही घोषणा व प्रसंगांपुरता गंभीरपणे घेतला पाहिजे. संपूर्ण चळवळीला तो लावणे पुराव्याने सिद्ध होत नाही. ज्यूद्वेषाच्या व्याख्येविषयीच्या २०२१ च्या जेरुसलेम जाहीरनाम्यात अनेक ज्यू अभ्यासकांनी बहिष्कार हा मूलतः ज्यूद्वेषी नव्हे असेच मत दिले. आर्थिक परिणाम एकूण इस्रायली निर्यातीच्या मानाने मर्यादित दिसतो. देशांनी घातलेले निर्बंध अगदी अलीकडचे : तुर्कस्तानने मे २०२४ मध्ये व्यापार थांबवला, कोलंबियाने त्याच वर्षी कोळशाची निर्यात.

भारत : १९४६ मध्ये दक्षिण आफ्रिकेशी व्यापार तोडणारा भारत हा पहिला देश, १९७४ मध्ये त्याने टेनिसच्या डेव्हिस कपचा दक्षिण आफ्रिकेविरुद्धचा अंतिम सामनाही सोडून दिला. इस्रायलबाबत तसे झाले नाही. १९९२ मध्ये पूर्ण राजनैतिक संबंध आले, संरक्षण खरेदी वाढली. २०१० मध्ये काही प्राध्यापक-कलावंतांनी बहिष्काराची मोहीम सुरू केली. फेब्रुवारी २०२४ मध्ये जल वाहतूक कामगारांच्या महासंघाने ११ प्रमुख बंदरांतील आपल्या सुमारे ३,५०० सदस्यांच्या वतीने जाहीर केले, की इस्रायलला जाणारी वा तेथून येणारी शस्त्रे ते चढवणार-उतरवणार नाहीत.