चाळीस घरांचा घास

फेब्रुवारी २०२३ मध्ये कोल्हापूरजवळच्या एका मठाच्या गोशाळेत पन्नासहून जास्त गाई दगावल्या. ती बातमी अनेकांना आठवत असेल. मोठा उत्सव सुरू होता, स्वयंपाक प्रचंड होता आणि शिळं अन्न गाईंच्या खाण्यात आलं, असं तेव्हा छापून आलं. पुढं आठ दिवस चहाच्या गाड्यावर, दूध संस्थेत, बसमध्ये एकच शब्द ऐकू येत होता: शिळं. शिळं घातलं म्हणून गेल्या.

मला तो शब्द तेव्हापासून खुपतो आहे. त्यातून लोक असा अर्थ काढतात, की ताजं घातलं असतं तर काही झालं नसतं. शिळ्या अन्नात बुरशी आणि जंतूंची विषं असू शकतात, हे खरंच. पण आत्ता चुलीवरून उतरलेला, आपण स्वतः आवडीनं खावा असा भात गाईला पोटभर घातला, तरी ती दोन दिवसांत मरू शकते. जून २०२४ मध्ये केरळात कोल्लम जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याच्या पाच गाई परोटा आणि फणस जास्त खाऊन गेल्या. घालणाऱ्याच्या मनात वाईट काहीच नव्हतं. आपण प्रेमानं दिलेली वस्तू घेणाऱ्याच्या शरीरात गेल्यावर तिचं काय होतं, हा मला फार महत्त्वाचा प्रश्न वाटतो, आणि त्याचं उत्तर पोटाच्या आत मिळतं.

मी लहान असताना शिवाजी पेठेतल्या आमच्या गल्लीत दहा-बारा गोठे होते. सर्वपित्री अमावस्येला प्रत्येक घरातून गाईचा घास निघायचा. पानाच्या तुकड्यावर मूठभर भात, त्यावर वरण, एक वडा, पुरणपोळीचा कोपरा. चाळीस घरांचे घास दहा-बारा गोठ्यांत वाटले जायचे. आज गोठा एकच उरलाय, आक्कांचा. घरं मात्र कमी झाली नाहीत, आणि पानावरचा घास आता भरलेलं ताट झालाय.

काही वर्षांपूर्वीच्या सर्वपित्रीला संध्याकाळी आक्कांनी मला हाक मारली. त्यांची कपिला मान खाली घालून उभी होती. रवंथ बंद. दात करकरा खात होती. डावी भकाळी, म्हणजे बरगड्यांमागची कूस, फुगलेली, आणि मी तिथं मूठ दाबून हलवली तर आत पाण्याची घागर हिंदकळावी तसा आवाज. शेण पातळ, करड्या रंगाचं, ताक नासल्यासारखा आंबूस वास. कुणीतरी म्हणालं, दृष्ट लागली. मीठ-मोहऱ्या उतरवल्या, मिरच्या जाळल्या, त्यात दोन तास गेले. या आजारात पहिले तास सोन्यासारखे असतात. ते असे जाळून टाकलेले पाहिले की मला अजूनही संताप येतो.

जनावरांच्या डॉक्टर आल्या. त्यांनी आधी विचारलं, "किती घरांतनं आलं?" आक्का बोटं मोजायला लागल्या आणि मध्येच थांबून म्हणाल्या, "पन परत्येकानं वाईचच दिलंय की ओ मॅडम."

हिशेब करा. चाळीस घरं, प्रत्येकी अर्धा किलो, म्हणजे वीस किलो शिजलेलं अन्न. त्यातलं पाणी वजा केलं तरी सात-आठ किलो पीठ आणि गूळ. ज्या गाईला रोज किलो-दोन किलो आंबोण आणि बाकी वैरण मिळते, तिच्या पोटात हे सगळं एका दुपारी गेलं. देणाऱ्याला फक्त आपलं ताट दिसतं. बेरीज फक्त कपिलेच्या पोटात झाली.

आता त्या पोटाकडं येतो.

गाय गवत खाते, असं आपण शाळेत शिकलो. पण गवतातला सेल्युलोज फोडणारं एकही विकर (एन्झाइम) गाईचं शरीर स्वतः तयार करत नाही. ते काम तिच्या कोठीपोटात राहणारे सूक्ष्मजीव करतात. कोठीपोट म्हणजे शंभर लिटरहून मोठी, उबदार, हवाबंद टाकी. त्यातले जीवाणू वैरण आंबवतात आणि ॲसिटिक, प्रोपिऑनिक, ब्युटिरिक अशी सौम्य आम्लं सोडतात. ही आम्लं कोठीपोटाच्या भिंतीतून रक्तात शोषली जातात आणि गाईला लागणाऱ्या ऊर्जेचा मोठा वाटा त्यांतूनच येतो. नंतर ते जीवाणूच पुढच्या पोटात वाहून जातात आणि पचतात. गाईला बरीचशी प्रथिनं अशी मिळतात. म्हणजे गाय वैरण घालून आपल्या पोटात जीवाणूंची शेती करते.

गाईच्या पोटात तेहतीस कोटी देव असतात, म्हणून तिला सगळं पचतं, असं माझी आजी म्हणायची. कोठीपोटातल्या द्रवाच्या एका मिलिलिटरमध्ये एक हजार कोटी किंवा त्याहून जास्त जीवाणू असतात. एका थेंबातच पन्नास कोटींच्या आसपास. आजीचा आकडा एका थेंबानं ओलांडला, पण "सगळं पचतं" हे मात्र खरं नाही. ही वस्ती अतिशय शिस्तीची आहे. तिच्यात कोण किती राहणार, हे गाय रोज काय खाते त्यावर ठरतं. वैरण बदलली की वस्ती बदलायला दोन-तीन आठवडे लागतात. म्हणून जाणता गवळी पेंडसुद्धा हळूहळू वाढवतो.

आम्ल तयार होत राहतं, तरी कोठीपोट आंबट का होत नाही? कारण रवंथ. कडबा, वाळलं गवत, उसाचं वाढं असं चरबरीत काही पोटात असलं की गाय ते परत तोंडात आणून तासन् तास चावते, आणि चावताना लाळ सुटते. मोठी दुभती गाय दिवसाला शंभर लिटरहून अधिक लाळ गिळते. त्या लाळेत आपल्या खाण्याच्या सोड्यातलाच बायकार्बोनेट असतो. तो आम्ल मारत राहतो आणि कोठीपोटाचा सामू (पीएच; जितका कमी तितकं आंबट) सहा ते सातच्या मध्ये टिकतो.

भात, पोळी, पुरण यांना चावायला काहीच लागत नाही. म्हणजे लाळ आटली. शिवाय शिजवल्यानं स्टार्चचे कण फुगून फुटलेले असतात, त्यामुळं जीवाणूंना ते कच्च्या धान्यापेक्षाही लवकर फोडता येतात. इथं स्ट्रेप्टोकॉकस बोव्हिस नावाचा जीवाणू पुढं येतो. एरवी तो वस्तीत अल्पसंख्य असतो. साखर मुबलक मिळाली की वीस मिनिटांच्या आसपास त्याची संख्या दुप्पट होते. तीन तासांत नऊ वेळा दुप्पट, म्हणजे पाचशे बारा पट. आणि घाईत असलेला हा जीवाणू सौम्य आम्लांऐवजी लॅक्टिक आम्ल बनवायला लागतो.

इथं थोडं रसायनशास्त्र सोसा, कारण सगळी मेख इथंच आहे. आम्लाची ताकद त्याचा हायड्रोजन आयन किती सहज सुटतो, यावर मोजतात. त्या मापाला पीकेए म्हणतात; आकडा जितका लहान, तितकं आम्ल तीव्र. लॅक्टिक आम्लाचा पीकेए ३.८६ आहे, कोठीपोटातल्या नेहमीच्या आम्लांचा ४.८ च्या आसपास. हे मोजमाप दसपटीचं असल्यामुळं, एकाच्या जवळपासचा फरक म्हणजे लॅक्टिक आम्ल त्यांच्यापेक्षा आठ-दहा पट तीव्र. वर ते भिंतीतून हळू शोषलं जातं, म्हणून साचतं. सामू साडेपाचच्या खाली आला की प्रोटोझोआ हे एकपेशीय जीव मरतात आणि लॅक्टिक आम्ल खाऊन संपवणारे मेगास्फेरासारखे जीवाणूही मागं पडतात. म्हणजे आग विझवणारेच आधी जातात. सामू पाचच्या खाली गेला की स्ट्रेप्टोकॉकसला स्वतःलाच ते सोसत नाही, आणि जागा लॅक्टोबॅसिलस घेतात, जे आम्लातच सुखानं राहतात आणि आणखी लॅक्टिक आम्ल करतात. सामू साडेसहावरून साडेचारवर आला म्हणजे आम्लता शंभर पट झाली.

ज्यांनी मुरघास केलाय त्यांना ही साखळी ओळखीची वाटेल. मका कुटून, दाबून, हवाबंद केला की हेच लॅक्टोबॅसिलस सामू चारच्या आसपास आणतात, मग त्यात दुसरं काही जगत नाही आणि चारा टिकतो. खड्ड्यात हे आपल्याला हवंच असतं. कपिलेच्या जिवंत पोटाचा त्या दिवशी मुरघासाचा खड्डा झाला होता.

पुढचं पाण्यानं होतं. कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवलं की पाणी सुटतं, तसं. कोठीपोटात विरघळलेले कण वाढले, द्रव रक्तापेक्षा दाट झाला, आणि रक्तातलं पाणी भिंतीतून आत ओढलं गेलं. हिंदकळण्याचा तो आवाज रक्तातून आलेल्या पाण्याचा होता. म्हणून पोट पाण्यानं भरलेलं असताना जनावर आतून सुकतं, डोळे खोल जातात. जीवाणू लॅक्टिक आम्लाचे डी आणि एल असे दोन आरशातले भाऊ बनवतात. त्यातला एल शरीर वापरून टाकतं, डी फार संथपणे निघतो, आणि रक्तही आम्लधर्मी होतं. उपचार झाले नाहीत तर एक ते तीन दिवसांत गाय जाते. वाचली तरी आम्लानं सोललेल्या भिंतीतून जंतू यकृतात जातात, खुरं दुखावतात, काही जनावरं पुढं महिनोन् महिने लंगडतात.

डॉक्टरांनी नळी घालून पोटातलं जमेल तेवढं बाहेर काढलं, सोड्याचं पाणी घातलं, शिरेतून सलाइन लावलं. पोटातलं आम्ल मेलं तरी वस्ती उजाड झालेली होती. दुसऱ्या दिवशी त्यांनी पलीकडच्या गल्लीतली एक धडधाकट म्हैस मागितली. तिच्या तोंडातून नळी घालून कोठीपोटातलं सात-आठ लिटर हिरवट पाणी काढलं, फडक्यातून गाळलं आणि कोमट असतानाच कपिलेच्या पोटात सोडलं. म्हशीला त्याचा काही त्रास नाही, तिची वस्ती पुन्हा भरून येते. तिसऱ्या दिवशी सकाळी कपिलेचा खालचा जबडा डावी-उजवीकडं हलायला लागला. आक्का तिथंच खाली बसल्या.

माणसातही कळवळ्यानं दिलेलं अन्न असं उलटतं. बरेच दिवस उपाशी राहिलेल्या माणसाचं शरीर साखर सोडून चरबीवर चालायला लागतं आणि त्याच्यातलं फॉस्फेट हळूहळू रिकामं होतं. अशा माणसापुढं कळवळून भरलेलं ताट ठेवलं की इन्सुलिन एकदम वाढतं, साखर पेशींत शिरते, आणि रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम तिच्याबरोबर आत ओढलं जातं. पेशींचं ऊर्जेचं चलन म्हणजे एटीपी, आणि त्यात तीन फॉस्फेट लागतात. रक्तात फॉस्फेटच उरलं नाही की श्वासाचे स्नायू थकतात आणि हृदय अडखळून थांबू शकतं. १९४५ मध्ये जर्मनीतली बर्गन-बेल्सनची नाझी छळछावणी मुक्त झाल्यावरही तिथं हजारो माणसं मेली. बहुतेक टायफससारख्या रोगांनी आणि उपासमारीनं, पण काही माणसं सैनिकांनी दयेनं दिलेलं जड अन्न न सोसून. म्हणूनच तीव्र कुपोषित मुलाला जागतिक आरोग्य संघटनेच्या पद्धतीत आधी एफ-७५ हे पातळ दूध देतात, शंभर मिलिलिटरमध्ये फक्त ७५ किलोकॅलरी, तेही थोडंथोडं. एफ-१०० काही दिवसांनी. आई-आजीला ते फार कमी वाटतं. त्या कमीत मुलाचा जीव असतो.

आपल्याला जवळचं उदाहरण महापुराचं. ऑगस्ट २०१९ मध्ये महामार्ग बंद होता, शिरोळ तालुक्यातली गावं पाण्यात होती, आणि महाराष्ट्रभरातून माणसं मदत घेऊन आली. त्या मदतीनं लोक जगले, हे मी कधीच विसरणार नाही. पण पुरात तान्ह्या बाळांसाठी दुधाची पावडर गोळा करावी, असं आवाहन जेव्हा जेव्हा दिसतं, तेव्हा मी हात जोडून थांबवतो. पावडरीला उकळलेलं पाणी आणि स्वच्छ बाटली लागते, आणि पुरात नेमकं तेच नसतं. बाळ पावडरीवर गेलं की अंगावर ओढत नाही, आणि ओढलं नाही की आईचं दूध आटतं. पावडर संपते तेव्हा मागं काहीच उरत नाही. २००६ मध्ये इंडोनेशियात योग्याकार्ताच्या भूकंपानंतर दोन वर्षांखालच्या मुलांची पाहणी झाली. दानातली पावडर मिळालेल्यांत जुलाबाचं प्रमाण सुमारे २५ टक्के होतं, न मिळालेल्यांत सुमारे १२. आपल्याकडं तर १९९२ च्या कायद्यानं पावडर फुकट वाटण्यावर बंधन आहे. त्या पैशांत आईला दोन वेळचं जेवण आणि निवांत बसायला आडोसा मिळाला, तर बाळाचं दूध तिच्यातूनच येतं.

हल्ली ट्रॉलीभर लाडू, केळी, पोळ्या गाईंपुढं ओतण्याचे व्हिडिओ फिरतात. खाली हजारो लोक हात जोडतात. व्हिडिओ संपल्यानंतरची रात्र त्यात कधीच दिसत नाही.

आक्कांनी त्यानंतर गोठ्याच्या दारात एक टोपली ठेवली. घास तिच्यात ठेवायचा. नमस्कारापुरता एक चिमूट भात त्या स्वतः कपिलेच्या ओठाला लावतात, बाकी खताच्या खड्ड्यात. रुसवे-फुगवे झाले. दोन घरांनी वर्षभर बोलणं टाकलं. मग आक्कांनीच तोड काढली: ज्याला पितरांच्या नावानं द्यायचं आहे, त्यानं कडब्याची पेंढी द्यावी. कडबा दारात साठला तरी कुणाचं काही बिघडत नाही, आणि गाय तो तिच्या चालीनं खाते. गेल्या सर्वपित्रीला एकोणीस पेंढ्या आल्या. दसऱ्यापर्यंत पुरल्या.