भटक्या-विमुक्तांचा ग्रामसभेतील सहभाग (सातारा व सांगली जिल्हे)

गावोगाव फिरणाऱ्या किंवा गावाबाहेर पाल टाकून राहणाऱ्या जमातींना ग्रामसभा, वॉर्डसभा आणि ग्रामपंचायत निवडणुकीत सामील करून घेण्याचे प्रयत्न. सातारा-सांगलीत कैकाडी, वडार, गोपाळ, नंदीवाले, डोंबारी, वैदू, रामोशी आणि धनगर या त्यांतल्या ठळक जमाती. रामोशी आणि बरेचसे धनगर पिढ्यान्‌पिढ्या गावात नांदलेले असल्याने त्यांचा प्रश्न तुलनेने सोपा आहे. खरी अडचण पालावर आणि मेंढवाड्यावर राहणाऱ्यांची.

ब्रिटिश काळातल्या गुन्हेगार जमाती कायद्याने (मूळ 1871 चा) यांतल्या काही जमातींवर जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का मारला. 31 ऑगस्ट 1952 रोजी तो कायदा रद्द झाला. हा दिवस आता विमुक्त दिन म्हणून पाळतात. त्या काळात चावडीवर जायचे ते हजेरी द्यायला. ‘ही माणसे सभेला येतच नाहीत’ अशी तक्रार करणाऱ्यांनी ही हजेरी आठवावी.

ग्रामसभेचा आधार 1958 चा ग्रामपंचायत अधिनियम आणि 1993 मध्ये अमलात आलेली 73 वी घटनादुरुस्ती. नोकरी-शिक्षणात भटक्या-विमुक्तांना स्वतंत्र टक्केवारी आहे, ग्रामपंचायतीत मात्र नाही. तिथे ते नागरिकांच्या मागास प्रवर्गातच (ओबीसीत) मोजले जातात आणि त्या जागा सहसा संख्येने मोठ्या, जमीनजुमला असलेल्या जातींकडे जातात. राखीव जागेवर उभे राहायचे तर जातीचा दाखला आणि पडताळणी हवी. दाखल्यासाठी 21 नोव्हेंबर 1961 पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा मागतात. ज्याचा बाप पालात जन्मला आणि शाळेचे तोंडही न पाहता गेला, त्याने तो आणायचा कुठून?

दुसरा अडसर पंचांगाचा. ग्रामसभा रूढीने 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबरला भरतात. माण, खटाव, आटपाडी, जत भागातले मेंढपाळ दिवाळीनंतर मेंढरे घेऊन पश्चिमेकडे उतरतात, शेतात खतासाठी कळप बसवतात आणि मिरगाच्या सुमारास, म्हणजे जूनच्या सुरुवातीला, परततात. म्हणजे चारांपैकी दोन सभा हुकल्याच. गणपूर्तीला 15 टक्के किंवा 100 मतदार, यांपैकी जी संख्या कमी असेल ती पुरते, त्यामुळे मेंढवाड्यावरची माणसे नसली तरी सभेचे काही अडत नाही. घरकुलाची यादी मात्र तिथेच मंजूर होते.

कायदा इथे मेंढपाळाच्या बाजूचा आहे. 1950 च्या लोकप्रतिनिधित्व अधिनियमानुसार तात्पुरते बाहेर गेल्याने माणसाचे मूळ वास्तव्य संपत नाही. घरच नसलेल्यांसाठी मतदार नोंदणीची निवडणूक आयोगाची सोय आहे: अर्जदार सांगितलेल्या जागी खरोखर झोपतो का, हे मतदान केंद्रस्तरीय अधिकारी रात्री येऊन पाहतात; पत्त्याचा कागद लागत नाही. ही तरतूद पालावर पोहोचवणे हे कार्यकर्त्यांचे पहिले काम असते. वॉर्डसभा वस्तीवर, दिवेलागणीनंतर घेणे आणि दवंडी पालापर्यंत नेणे हे उपाय बिनखर्चाचे आहेत, तरी ते क्वचितच होतात. ग्रामसभेआधीच्या महिला सभेचा मात्र उपयोग होतो. पुरुषांपुढे न बोलणाऱ्या बाया तिथे रेशनकार्डाचे बोलतात.

जतच्या पूर्व भागात प्रश्न भाषेचा आहे. तिथल्या कन्नड बोलणाऱ्या गावांत नोटीस आणि इतिवृत्त मराठीत असते, भांडण कानडीत होते. डोंगराकडच्या कातकरी या आदिवासी जमातीच्या वस्त्यांना पेसा कायद्याचा (अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभांना जादा अधिकार देणारा कायदा) आधार नाही, कारण या दोन्ही जिल्ह्यांत अनुसूचित क्षेत्र नाही.

सहभागाचा खरा कस जमिनीवर लागतो. यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत योजनेतून भटक्या-विमुक्तांना जागा व घर देता येते, पण मोकळी जागा बहुधा गायरानाचीच असते आणि तिच्यासाठी गावाचा ठराव लागतो. गायरानात गावातल्या वजनदारांचीही अतिक्रमणे असतात. अशा दिवशी वस्तीवरची चार माणसे हात वर करायला हजर असली, तर ठरावाच्या सूचक-अनुमोदकांत कधी नव्हे ते त्यांचे नाव लागते.