2.1 की 2.5? गोल पिनेचा घोळ

जुना अडॅप्टर घेऊन दुकानात गेलात की काउंटरमागचा माणूस लांबूनच सांगतो, "साधी गोल पिन." मुळात ती पिन नव्हेच. अडॅप्टरच्या टोकाला असतं ते भोक. पिन असते यंत्राच्या जॅकमध्ये, म्हणजे ते टोक जिथे खोचतो त्या खाचेत. पण हा वाद मी फोंड्याच्या बाजारात केव्हाच हरलोय, तेव्हा इथेही पिनच म्हणतो.

साधी पिन तुमच्या घरात आहेच: बाहेरून 5.5 मिमी, आतलं भोक 2.1. राउटर, सीसीटीव्ही कॅमेरे, एलईडी पट्ट्या, सगळीकडे तीच. पुढे जाऊ.

दुसरी बाहेरून तेवढीच, 5.5. भोक मात्र 2.5. जुन्या तोशिबा-आसूस लॅपटॉपचे 19 व्होल्टचे अडॅप्टर बघा, बऱ्याच जुन्या एलसीडी मॉनिटरचे बघा. फरक 0.4 मिमीचा, तोही आत. बाहेरून व्हर्नियर (जाडी मोजायचं साधन) लावून "साडेपाच आली, जमेल" म्हणणाऱ्यांना माझा कोपरापासून नमस्कार.

2.1 चं टोक 2.5 च्या जॅकमध्ये जातच नाही. जॅकमधली पिन जाड, टोकाचं भोक बारीक. तुम्ही गुमान परत येता, नुकसान शून्य. उलट केलंत, 2.5 चं टोक 2.1 च्या जॅकमध्ये घातलंत, तर ते सुळकन जातं. वर दिवाही लागतो! कारण जॅकमधली बाजूची पत्ती टोकाला एका अंगाला रेटते आणि भोकाची कड कशीबशी जॅकमधल्या पिनेला टेकते. ते टेकणं म्हणजे जोडणी नव्हे. वायरला धक्का लागला की वीज तुटते, आणि जास्त करंट ओढणारं यंत्र असेल तर तो सांधा तापतो. आमच्या शेजारच्या काकींचा राउटर अख्खा पावसाळा दिवसातून दहादा बंद पडून चालू व्हायचा. आधी वीजवाल्यांना बोल लावला, मग इंटरनेटवाल्यांना. निघालं काय, तर बदली अडॅप्टरची पिन 2.5 ची. काही "युनिव्हर्सल" अडॅप्टरवाले मुद्दामच 2.5 देतात, दोन्हीकडे शिरते म्हणून. मला हा प्रकार अजिबात मान्य नाही.

खरी भीती वेगळीच. लॅपटॉपचे 19 व्होल्ट 12 व्होल्टच्या राउटरमध्ये याच ढिल्या वाटेने शिरतात. अडवायला कोणी नाही.

ओळखायचं कसं? हार्डवेअरच्या दुकानातून 3/32 इंची ड्रिल बिट आणा. जाडी 2.38 मिमी, म्हणजे दोघींच्या मधली. मागचा गुळगुळीत दांडा भोकात सरकला तर 2.5, अडला तर 2.1. अडॅप्टर आधी प्लगमधून काढा, हे सांगायला लागू नये. काही टोकांच्या आत चिमट्यासारख्या दोन पत्त्या असतात. तिथे बिट चकवतं, बॅटरी मारून आधी आत बघा. जॅक तपासायचा असेल तर राउटरच्या अडॅप्टरचं अस्सल 2.1 टोक, अडॅप्टर विजेला न लावता, त्यात घालून बघा: अडलं तर जॅक 2.5 चा.

टोकाच्या आत मधोमध बारीक सुई दिसली (डेल, एचपीचे जुने 7.4 मिमीवाले), तर ही चर्चा तुमच्यासाठी नाही, तसलाच अडॅप्टर शोधा. आणि "अँपिअर जास्त होते म्हणून जळलं" हे कृपा करून म्हणू नका. यंत्र लागेल तेवढेच अँपिअर ओढतं. जाळतात ते व्होल्ट, नाहीतर उलटी बाजू, म्हणजे अधिक-उणेची अदलाबदल.

उलट्या बाजूवरून आठवलं. चवथीला आरतीसाठी माळ्यावरून जुना कॅसिओ कीबोर्ड उतरवाल, तेव्हा 9 व्होल्टचा राउटरचा अडॅप्टर त्यात खोचू नका. जुन्या कॅसिओंना बहुधा मधोमध उणे लागतं, राउटरला अधिक. गिटारच्या पेडलांचंही तेच. अडॅप्टरवर आणि यंत्रावर एक ठिपका आणि भोवती अर्धवट वर्तुळ असं बारीक चित्र असतं. ठिपक्याला जोडलेली खूण अधिक आहे की उणे, ते चष्मा लावून वाचा.