घरच्या फोटोंचं कोलाज: मूळ फोटो न कापता

लग्नाची पन्नाशी, पंच्याहत्तरी, सहस्रचंद्रदर्शन अशा निमित्तानं कोलाज करणाऱ्या ग्राहकांसाठी हे माहितीपत्रक आहे. कोलाज हातानं करा किंवा संगणकावर, मूळ फोटो त्यात वापरायचा नाही. वापरायची ती त्याची प्रत.

जुन्या फोटोचा वरचा थर जिलेटिनचा असतो. गोंदातल्या ओलाव्यानं तो फुगतो आणि पुढे काचेला चिकटला की सोडवताना चेहऱ्यासकट निघून येतो. निगेटिव्ह बहुतेक घरांत उरलेली नसते, म्हणजे गेला तो फोटो गेलाच. शिवाय फोटोच्या पाठीवर नावं, तारीख, स्टुडिओचा शिक्का असतो. एकदा चिकटवला की तो मजकूर कायमचा झाकला जातो. म्हणून स्कॅन करताना पाठही स्कॅन करा. ग्रुप फोटोत कोण कोण आहे, हे सांगणारा पुढे तोच एक कागद असतो.

स्कॅनिंग

हिशेब सोपा आहे. छपाईला इंचाला 300 पिक्सेल लागतात. स्कॅनचा आकडा (स्कॅनरवरचा डीपीआय, म्हणजे इंचाला किती पिक्सेल) भागिले 300, तितक्या पट फोटो मोठा करता येतो. 600 वर स्कॅन केला तर दुप्पट, 1200 वर चौपट. पासपोर्ट आकाराच्या फोटोला 1200 ठेवा, 4×6 ला 600 पुरे. 1200 च्या पुढे गेल्यानं चेहरा स्पष्ट होत नाही, कागदाचा दाणा तेवढा उठून दिसतो.

रेशमी पोताच्या कागदावरच्या जुन्या रंगीत फोटोंवर स्कॅनरचा उजेड चमकतो आणि चेहऱ्यावर बारीक ठिपके दिसतात. असा फोटो एकदा सरळ आणि एकदा डोकं खाली येईल असा फिरवून, असा दोनदा स्कॅन करा. मग दोन्ही प्रतिमा एकावर एक अचूक जुळवून वरच्या प्रतिमेची पारदर्शकता 50 टक्के ठेवा. चमक बरीच मरते. चिकट पानांच्या अल्बममधला फोटो ओढून काढू नका. वरचं प्लास्टिक उचलून अख्खं पानच स्कॅनरवर ठेवा.

हातानं करताना

प्रती लेझर प्रिंटरवर, 100 ते 130 जीएसएमच्या (दर चौरस मीटरला इतके ग्रॅम वजनाच्या) मॅट कागदावर काढा. साध्या 70 जीएसएमच्या कागदाला गोंद लागला की सुरकुत्या पडतात आणि खालचं चित्र वर दिसतं. घरच्या इंकजेटची शाई बहुधा पाण्यानं पसरते, म्हणून कोपऱ्यावर आधी ओलं बोट लावून पाहा. मधूनमधून वर्तमानपत्राची कात्रणं लावायची असतील तर त्यांच्याही प्रतीच वापरा. वर्तमानपत्राच्या कागदात लिग्निन असतं, उजेडात तो पिवळा आणि ठिसूळ होतो.

आधार म्हणून 2 मिमी जाडीचा, आम्लविरहित माउंट बोर्ड घ्या. 12×18 इंचांच्या बोर्डावर पंधरा फोटोंच्या पुढे जाऊ नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. चेहरा अर्ध्या इंचाहून लहान झाला की भिंतीवरचं माणूस ओळखू येत नाही. नातेवाईक राहून जातील या भीतीनं फोटो वाढवण्यापेक्षा दोन फ्रेमा कराव्यात.

कापायला 30 अंशांची पात असलेला कटर, स्टीलची पट्टी आणि कटिंग मॅट लागते. चेहऱ्याच्या कडेनं कापताना कटर थोडा तिरपा धरा, म्हणजे कागदाची पांढरी कड चित्राखाली दडते. तरी दिसली तर राखाडी रंगाच्या पेन्सिलीनं कडेवरून हात फिरवा. सगळे तुकडे न चिकटवता मांडून मोबाइलवर फोटो काढा. ही पायरी टाळू नका, कारण चिकटवायचं ते सगळ्यात मागच्या थरापासून, आणि पुढचे तुकडे उचलले की मूळ मांडणी आठवत नाही.

गोंदाचं प्रमाण: चार भाग फेविकॉल, एक भाग पाणी. मैद्याची खळ चालते: एक भाग मैदा, पाच भाग पाणी. थोड्या थंड पाण्यात मैदा कालवून गुठळ्या मोडा, उरलेलं पाणी घाला आणि मंद आचेवर सतत ढवळत खळ पारदर्शक होईपर्यंत शिजवा. ती गार करून वापरा. फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस राहते, आंबूस वास आला की टाकून द्या. खळीचा फायदा असा की तुकडा सरकवून नीट बसवायला वेळ मिळतो. तोटा असा की झुरळं आणि कसर तिच्यावर येतात. त्यासाठी काही जण खळीत मोरचूद घालतात. तो विषारी आहे, मुलं हाताळणार असतील तर अजिबात नको. सेलोटेप आणि रबर सोल्युशन काही वर्षांत पिवळं पडतं आणि सुटतं, ते आम्ही सुचवत नाही.

बुडबुडे का येतात? कागद ओला झाला की पसरतो, तेही मुख्यतः ग्रेनच्या, म्हणजे कागदातल्या तंतूंच्या, आडव्या दिशेला. लगेच चिकटवला तर तो बोर्डावर पसरत राहतो आणि फुगतो. म्हणून तुकड्याच्या पाठीला मधून कडेकडे गोंद लावा, मिनिटभर थांबा, मग ठेवा आणि बटर पेपरवरून मधून बाहेर दाबत जा. ग्रेन ओळखायला कागदाचा दोन इंची चौकोन एका बाजूनं ओला करा. तो वळून त्याची नळी होते. नळीची लांबी ज्या दिशेनं, तीच ग्रेनची दिशा.

वाळताना कागद आकसतो आणि बोर्डाला आत ओढतो, त्यामुळे बोर्ड वाकतो. उपाय म्हणजे बोर्डाच्या पाठीलाही तशाच जाडीचा कागद त्याच ग्रेननं चिकटवायचा. मग दोन्ही बाजूंना बटर पेपर ठेवून रात्रभर वजनाखाली ठेवा. वर्तमानपत्र ठेवलं तर शाई उमटते. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात दोन-तीन दिवस द्या. आत ओल राहिली तर काचेमागे बुरशी धरते.

संगणकावर करताना

विसाव्या शतकात राजस्थानातल्या नाथद्वाऱ्याचे चित्रकार यजमानांचे फोटोतले चेहरे कापून श्रीनाथजींच्या रंगवलेल्या दृश्यात चिकटवत, आणि कपडे, हात वगैरे स्वतः रंगवत. वेगवेगळे फोटो एका चित्रात कसे सामावून घ्यायचे, हा प्रश्न त्यांच्यापुढे होता तोच आजही आहे. पिवळटलेला रंगीत फोटो कृष्णधवल फोटोशेजारी खुपतो. सगळे फोटो एकाच छटेत आणणं हा सर्वांत सुरक्षित मार्ग. नंतर उजेडाची दिशा पाहा: एकाच्या उजव्या आणि दुसऱ्याच्या डाव्या गालावर सावली असेल तर ते शेजारी ठेवू नका. फोटो आडवा उलटवून उजेड जुळवू नका, साडीचा पदर भलत्याच खांद्यावर जातो. मोबाइलचा नवा फोटो फार गुळगुळीत दिसत असेल तर त्यात थोडा दाणा मिसळा.

12×18 इंचांची फाइल 3600×5400 पिक्सेलची ठेवा, शिवाय चारी बाजूंना 3 मिमी जादा. फ्रेमच्या खाचेत कडेचे 5-6 मिमी झाकले जातात, म्हणून कडेपासून 10 मिमीच्या आत चेहरा किंवा अक्षरं नकोत. गिंप किंवा फोटोपी ही मोफत साधनं पुरतात. पार्श्वभूमी खोडरबरानं पुसू नका, मास्क (नको तो भाग न पुसता नुसता झाकणारा थर) लावा. आजीचा कान किंवा आजोबांच्या फेट्याचा तुरा चुकून कापला गेला तर तो मास्कमधून परत आणता येतो.

मराठी मजकुराची खुली फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली की फाँट बदलून जोडाक्षरं सुटतात. पीडीएफ द्या, किंवा मजकुराची प्रतिमा करून पाठवा. व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून पाठवलेली फाइल आक्रसते. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा किंवा पेन ड्राइव्हवर आणा. मोबाइलचा पडदा स्वतः उजळ असतो, कागदावर तेच चेहरे काळवंडतात, म्हणून मोठ्या छपाईआधी 4×6 ची एक चाचणी प्रिंट काढून दिवसाच्या उजेडात पाहावी.

फ्रेम

काच कोलाजला टेकता कामा नये. मध्ये 2-3 मिमीची पट्टी किंवा कापलेला माउंट हवा. फ्रेमच्या पाठीला खालच्या दोन कोपऱ्यांत बुचाचे तुकडे लावा, म्हणजे भिंत आणि फ्रेम यांच्यातून हवा खेळते. न्हाणीघराला लागून असलेली भिंत आणि थेट ऊन येणारी जागा टाळा. दुकानात येताना टांगण्याच्या जागेचं माप, भिंतीचा एक फोटो आणि मांडणीचा मोबाइलवरचा फोटो आणा. मूळ फोटो आणायचेच असतील तर प्रत्येक वेगळ्या कागदी पाकिटात ठेवा. यूपिन किंवा रबरबँड लावू नका.