शिंक येते, उचकी लागते; डोळा लागतो तो वेगळाच

‘आम्ही हे रोज बोलतो, मग शब्दकोशात का नाही?’ असं म्हणून कुणीतरी ‘गरम पाणी’, ‘जुने कपडे’ पुढे करतं. दोन शब्द कितीही वेळा जोडीनं येवोत, सुट्या अर्थांवरून जोडीचा अर्थ कळत असेल तर तिला स्वतंत्र नोंद देणं म्हणजे कोश उगाच फुगवणं. जोडून लिहितात की तोडून, यानंही काही ठरत नाही.

वाक्प्रचार काय असतो हे शाळेतच कळलेलं असतं. घोळ होतो तो सहप्रयोगाशी, म्हणजे एका शब्दासोबत ठरावीक दुसराच शब्द येतो त्याच्याशी. शिंक येते, उचकी लागते, ताप भरतो, सर्दी होते. सगळी शरीराचीच गाऱ्हाणी, पण क्रियापद ज्याचं त्याचं. ‘मला शिंक लागली’ असं कुणी म्हटलं तर अर्थ कळतो, कानाला मात्र खटकतं. म्हणजे इथे ऐकणारा अडत नाही, बोलणारा अडतो. नव्यानं मराठी शिकणाऱ्याला ही क्रियापदं कोशात सापडलीच पाहिजेत, पण ‘शिंक’ या नोंदीच्या पोटात, उदाहरणासकट. ‘झोप येतेय पण लागत नाही’ हे एक वाक्य ‘झोप’खाली दिलं की दोन्ही क्रियापदांतला फरक लख्ख दिसतो. बहुतेक कोश नेमकं असं वाक्य देत नाहीत, याचा मला खरंच राग येतो.

आता ‘डोळा लागणे’ घ्या. यात झोपेचं नावही नाही. ‘पहाटे जरा डोळा लागला’ म्हणजे झोप लागली. ‘वाटेकडे डोळे लागले’ म्हणजे आतुरतेनं वाट पाहणं. नुसतं वचन बदललं आणि अर्थच पालटला. ‘शिंक आली’चं ‘शिंका आल्या’ करा, फक्त संख्या वाढते. वचन बदलून पाहणं ही माझी आवडती कसोटी. सगळीकडे ती चालत नाही, पण जिथे असा अर्थ पालटतो तिथे वेगळी नोंद हवीच.

कोशकार दाते-कर्वे यांनी १९३२ ते १९३८ या काळात महाराष्ट्र शब्दकोशाचे सात विभाग काढले आणि पुढे वाक्संप्रदायांसाठी, म्हणजे वाक्प्रचारांसाठी, वेगळा कोश केला, इतका हा ऐवज मोठा आहे. एकाच कोशात सगळं बसवायचं असेल, तर ‘डोळा लागणे’ ठळक अक्षरांत ‘डोळा’खाली द्यावं. ‘लागणे’खाली नको, त्या क्रियापदाच्या अर्थांच्या गर्दीत ते कुणाला सापडणार?