डाऊन आणि नो डेटा: डॅशबोर्डवर दोघांना एकच रंग देऊ नका

एका रात्री माझ्या नेटवर्क मॉनिटरिंगच्या स्क्रीनवर एका फटक्यात चाळीसेक स्विच लाल झाले. मी दोघांना झोपेतून उठवलं, त्यातला एकजण गाडी काढून साईटवर पोचलासुद्धा, आणि तिथे बघतो तर सगळे स्विच व्यवस्थित चालू, पोर्टचे दिवे लुकलुकतायत, ट्रॅफिक चाललाय. झालं होतं एवढंच की मधल्या फायरवॉलवर कुणीतरी रूल बदलला होता आणि माझ्या मॉनिटरिंग सर्व्हरचं एसएनएमपी, म्हणजे डिव्हाइसला त्याची अवस्था विचारायचा प्रोटोकॉल, तिथेच अडत होतं. स्विच बंद पडलेच नव्हते, मला दिसत नव्हते फक्त. पण डॅशबोर्डवर मी या दोन्हीला एकच लाल रंग दिला होता, त्यामुळे फोन करताना मला फरक कळायचा काही मार्गच नव्हता.

तर डाऊन म्हणजे काय, तर आपण विचारलं आणि उत्तर आलं की बंद आहे. नो डेटा, ज्याला काही टूल्समध्ये अननोन म्हणतात, म्हणजे उत्तरच आलं नाही, किंवा आपल्याला विचारताच आलं नाही. पहिलं डिव्हाइसबद्दल सांगतं, दुसरं आपल्या नजरेबद्दल. वाचायला सोपं वाटतं, पण पॅनेल बनवायला बसलं की हमखास गल्लत होते.

सोप्या बाजूने सुरू करू, स्विचच्या पोर्टपासून. एसएनएमपीमध्ये पोर्टची खरी अवस्था इफ-ऑपर-स्टेटसमध्ये मिळते आणि तिथे एकूण ७ आकडे आहेत: १ अप, २ डाऊन, ३ टेस्टिंग, ४ अननोन, ५ डॉर्मंट, ६ नॉट प्रेझेंट, ७ लोअर लेयर डाऊन. बहुतेक जण मॅपिंग करताना १ म्हणजे हिरवा आणि बाकी सगळं लाल असं करून मोकळे होतात. मग ४ लाल होतो, जिथे डिव्हाइस स्वतःच सांगतंय की मला माहीत नाही, आणि ६ पण लाल होतो, म्हणजे जिथे मॉड्यूलच काढून ठेवलंय. त्यात इफ-ॲडमिन-स्टेटस, म्हणजे आपण पोर्ट चालू ठेवलाय की बंद, ते बघत नाहीत ती चूक वेगळीच, म्हणजे आपणच मुद्दाम शटडाऊन मारलेला पोर्ट महिनोन्महिने लाल दिसतो आणि लोकांना लाल बघायची सवय लागते. माझ्याकडे आता ॲडमिनने बंद केलेला पोर्ट निळा, ॲडमिन अप असून ऑपर २ किंवा ७ असेल तर लाल, आणि ४ आला किंवा काहीच नाही आलं तर ग्रे.

आता अवघड भाग. पिंगला उत्तर नाही आलं तर लाल की ग्रे? पिंग १९८३ पासून आहे आणि तेव्हापासून आपण उत्तर नाही म्हणजे बंद असंच धरत आलोय, पण खरं बघितलं तर टाइमआऊट म्हणजे नुसती शांतता. टीसीपीमध्ये हा फरक छान दिसतो. एखाद्या पोर्टवर कनेक्शन मारलं आणि लगेच रिफ्यूज्ड आलं, तर बहुतेक वेळा समोरचं मशीन जिवंत आहे आणि सांगतंय की या पोर्टवर कुणी ऐकत नाहीये. हे उत्तर आहे, सर्व्हिसच्या दिव्याला बिनधास्त लाल करा. पण टाइमआऊट झालं तर मशीन बंद असेल, मधला रस्ता तुटला असेल, फायरवॉल पॅकेट गिळत असेल, काहीही असू शकतं. एसएनएमपी तर याहून फसवं आहे, कारण व्हर्जन २सीमध्ये कम्युनिटी स्ट्रिंग, म्हणजे त्याचा पासवर्ड, चुकली तर डिव्हाइस चूक आहे असं सांगत नाही, गप्पच बसतं. म्हणजे कुणीतरी पासवर्ड बदलला आणि डिव्हाइस जळालं, या दोन्ही गोष्टी पोलरला, म्हणजे डिव्हाइसना ठराविक वेळाने विचारणाऱ्या प्रोग्रामला, अगदी सारख्या दिसतात.

म्हणून मी नियम असा धरलाय की शांततेला लाल तेव्हाच करायचं, जेव्हा आपला आवाज तिथपर्यंत पोचत होता याचा काहीतरी पुरावा हातात असेल. साईटचा राउटर उत्तर देतोय, त्याच स्विचच्या शेजारचे दोन स्विच उत्तर देतायत आणि हा एकटाच गप्प आहे, तर लाल. राउटरच गप्प असेल तर राउटर लाल आणि त्याच्या मागचं सगळं ग्रे. नागिओस या मॉनिटरिंग टूलमध्ये हीच कल्पना आधीपासून बसवलेली आहे: होस्टच्या (म्हणजे डिव्हाइसच्या) व्याख्येत पॅरेंट्स, म्हणजे तिथे पोचायला मध्ये लागणारी डिव्हाइस, लिहिले की पॅरेंट पडल्यावर मागचे होस्ट डाऊन न दाखवता अनरीचेबल दाखवतो, आणि नोटिफिकेशनच्या ऑप्शनमध्येही डाऊनसाठी डी आणि अनरीचेबलसाठी यू अशी वेगवेगळी अक्षरं आहेत, म्हणजे यू काढून टाकलं की एका राउटरपायी चाळीस मेसेज येत नाहीत. झॅबिक्स या दुसऱ्या टूलमध्ये ट्रिगर डिपेंडन्सी, म्हणजे एक अलर्ट दुसऱ्यावर अवलंबून ठेवायची सोय, लावून साधारण हेच करता येतं. हे पॅरेंट्स भरायचं काम कंटाळवाणं आहे हे मान्य, पण पूर्ण सेटअपमध्ये सगळ्यात जास्त फायदा मला यातच झालाय. माझ्या त्या रात्री हे भरलेलं असतं तरी फायरवॉलने एसएनएमपीच अडवलं होतं आणि पिंग जात होतं, तेव्हा पिंग चालू पण एसएनएमपी गप्प या जोडीलाही ग्रेच द्यायचं हे वेगळं लिहावं लागतं.

आत्तापर्यंत नो डेटा चुकून लाल होण्याबद्दल बोललो. तो चुकून हिरवा होतो ते जास्त भयंकर, कारण तेव्हा कुणाला शंकाच येत नाही. डॅशबोर्ड बनवायचं टूल ग्राफाना, त्याचं एक आकडा मोठा दाखवणारं स्टॅट पॅनेल घ्या. त्यात डिफॉल्ट कॅल्क्युलेशन शेवटची नल (म्हणजे रिकामी) नसलेली व्हॅल्यू घेतं, आणि नव्या डॅशबोर्डची टाइम रेंज असते मागचे ६ तास. आता डेटा येणं ४ तासांपूर्वी थांबलं आणि तेव्हा शेवटची व्हॅल्यू १ होती, तर पॅनेल आत्ताही १ दाखवणार, हिरवागार. उपाय अवघड नाही: डेटा प्रोमिथियस या मेट्रिक गोळा करणाऱ्या टूलमधून येत असेल तर स्टेटसच्या पॅनेलला इन्स्टंट क्वेरी, म्हणजे फक्त आत्ताची व्हॅल्यू मागणारी, वापरा, नाहीतर क्वेरी ऑप्शनमध्ये त्या पॅनेलपुरती रेंज ५ मिनिटांवर आणा, आणि व्हॅल्यू मॅपिंगमध्ये स्पेशल प्रकारात जाऊन नलला ग्रे रंग आणि 'माहिती नाही' असा मजकूर द्या. नलला शून्य धरायचा शॉर्टकट मात्र कृपया घेऊ नका, कारण एररच्या संख्येत शून्य म्हणजे सगळं छान आणि अप-डाऊनमध्ये शून्य म्हणजे बंद, आणि खरं तर आपल्याला दोन्हीतलं काहीच माहीत नसतं.

प्रोमिथियसच्या अप मेट्रिकबद्दलही लोक फसतात. अप ० झालं म्हणजे स्क्रेप, म्हणजे टार्गेटकडून मेट्रिक ओढून आणणं, फेल गेलं, एवढंच. मेट्रिक पुरवणारा प्रोग्राम, एक्सपोर्टर, मेला असेल आणि सर्व्हर ठणठणीत असेल. दुसरं म्हणजे टार्गेटच लिस्टमधून गायब झालं, टार्गेट आपोआप शोधणाऱ्या सर्व्हिस डिस्कव्हरीत काही बिघडलं, तर अप ० होत नाही, ती सिरीजच नाहीशी होते आणि अप बरोबर ० वर लावलेला अलर्ट कधीच वाजत नाही. त्यासाठी सिरीज नाहीये हे ओळखणाऱ्या ॲबसेंट फंक्शनचा वेगळा अलर्ट लागतो. झॅबिक्समध्ये नोडेटा नावाचं फंक्शन याच कामाला आहे.

स्वतः चेक स्क्रिप्ट लिहीत असाल तर नागिओसचे एक्झिट कोड नीट पाळा: ० ओके, १ वॉर्निंग, २ क्रिटिकल, ३ अननोन. हा ३ मला फार कमी स्क्रिप्टमध्ये दिसतो. टेम्परेचर वाचायची कमांडच फेल गेली, रिकामी स्ट्रिंग आली, ती तुलनेत ० धरली गेली, ० हे ७० पेक्षा कमी, म्हणून ओके. असं होऊ शकतं, म्हणून व्हॅल्यू आकडा आहे का हे आधी तपासा, नसेल तर सरळ ३ देऊन बाहेर पडा.

अलर्ट कुणाला जातो तेही यावरच ठरतं. लाल गेला पाहिजे त्या डिव्हाइसच्या माणसाला, ग्रे गेला पाहिजे मॉनिटरिंग सांभाळणाऱ्याला. ग्राफानाच्या अलर्ट रूलमध्ये डेटा नसेल तर काय करायचं हे निवडता येतं, डिफॉल्टला नो डेटाचा वेगळा अलर्ट बनतो, तो तसाच राहू द्या. आवाज नको म्हणून लोक तिथे नॉर्मल निवडतात आणि मग पोलर मेला तरी सगळं शांत. किती वेळ थांबून ग्रे करायचं? एक पोल चुकला की लगेच केलं तर दिवसभर लपंडाव चालेल, मी ३ पोल धरतो, म्हणजे ६० सेकंदांचं पोलिंग असेल तर ३ मिनिटं.

रंगाबरोबर शब्द किंवा चिन्ह हवंच, लाल-हिरवा वेगळा न दिसणारी माणसं जवळपास प्रत्येक मोठ्या टीममध्ये असतात. आणि ग्रे खूप फिका ठेवू नका, बॅकग्राउंडमध्ये विरून गेला तर तो असून नसल्यासारखा.

सगळं लावून झालं की तीन गोष्टी मुद्दाम मोडून बघा. टेस्ट पोर्टची केबल काढा, लाल यायला हवा. एका डिव्हाइसची कम्युनिटी स्ट्रिंग पोलरवर चुकीची टाका, ग्रे यायला हवा. मग पोलरची सर्व्हिसच बंद करा आणि दहा मिनिटं स्क्रीनकडे बघत बसा. एकही दिवा तेव्हा हिरवा राहिला तर त्याच्या पॅनेलची क्वेरी उघडा, तो कुठेतरी जुनी व्हॅल्यू धरून बसलेला आहे.